रात्रीची घरघर

उशीचा अभ्रा बदलताना वहिनींना कापसाचे दोन बोळे सापडले. देवापुढच्या वातींच्या डब्यातला कापूस, नीट वळलेला, एका टोकाला जरासा मळलेला. आजींचा कान दुखत असेल, असं त्यांना आधी वाटलं. संध्याकाळी विचारलं, तर आजी म्हणाल्या, "छे, कान कशाला दुखतोय? थंडी वाजते जरा." नोव्हेंबर महिना, गाव डोंबिवली. आजींच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

रात्री साडेअकराला वहिनी नेहमीसारख्या कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि त्यांनी बटण दाबलं. पाठीमागच्या खाटेवर कूस बदलल्याचा आवाज झाला. कापसाचा अर्थ त्यांना तेव्हा लागला.

बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर एवढंच हे घर. इमारतीत सगळेच त्यांना वहिनी म्हणतात. वय छप्पन्न. १९९६ साली त्यांनी डीटीपीचा कोर्स केला. त्या काळात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे. खोलीला एसी असे आणि शिकणाऱ्यांपेक्षा यंत्रांचीच बडदास्त जास्त ठेवली जाई. धूळ आणि उकाडा हे कॉम्प्युटरचे दोन वैरी, हे पहिल्याच दिवशी सांगत. पुढे कॉम्प्युटर घरोघरी आले, चपला पायातच राहिल्या आणि ते वाक्य सगळे विसरले. वहिनीसुद्धा.

त्यांचं काम घरातूनच चालतं. लग्नपत्रिका, क्लासच्या प्रश्नपत्रिका, मंडळांचे अहवाल. पत्रिकांचं काम पूर्वीसारखं राहिलेलं नाही, आमंत्रण आता मोबाईलवर येतं. तरी देवापुढे ठेवायला छापील पत्रिका लागतेच, म्हणून लोक पन्नास का होईना, छापून घेतात. २०२४ च्या दिवाळीनंतर मात्र त्यांच्याकडे बऱ्याच दिवसांनी एक मोठं काम आलं होतं. गावातल्या एका वाचनालयाची स्मरणिका, ११२ पानं, जानेवारीअखेर हातात हवी.

अडचण वेळेची होती. आजी त्र्याऐंशी वर्षांच्या. पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला. आतल्या खोलीत वॉकर वळत नाही, म्हणून त्यांची खाट बाहेरच्या खोलीत आली. कॉम्प्युटर तिथेच. दिवसभर स्वयंपाक, आजींचे व्यायाम, औषधं, येणारे-जाणारे. वहिनींना निवांतपणा मिळे तो रात्री साडेअकरा ते दीड-दोन. झोप नीट झाली पाहिजे, असं डॉक्टरांनी आजींबद्दल बजावून सांगितलेलं. आणि आजींच्या उशापासून चार हातांवर ते यंत्र.

यंत्र २००८ सालचं, सुटे भाग आणून जोडून घेतलेलं. दसऱ्याच्या दसऱ्याला त्याला झेंडूची माळ मिळे. सुरुवातीची कित्येक वर्षं ते चालू आहे की बंद, हे दिवा बघूनच कळे. मग बारीक 'सूं' सुरू झाला. मग कधीतरी त्या 'सूं'मध्ये एक घरघर मिसळली. आवाज असा दिवसा-दिवसाने वाढला, की तो ज्याच्या हातून होतो त्याला कळत नाही. कळतं ते शेजारी झोपणाऱ्याला. वहिनींचे यजमान तर "कुठला आवाज?" असंच विचारत. पण त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, तेव्हा त्यांचं मत धरायचं नाही.

आवाजापेक्षा मोठा घोर पुढेच होता. स्मरणिकेचं साठावं पान लावताना यंत्र आपोआप बंद पडलं. अर्ध्या तासाचं काम गेलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

गल्लीतला दुरुस्तीवाला आला. झाकण न उघडता त्याने कान लावला आणि म्हणाला, "काकू, आता यात काही राम राहिला नाही. नवीन घेऊन टाका." त्याचाही दोष म्हणता येत नाही. पंखा बदलून त्याला मिळणार किती? आणि सोळा वर्षांच्या यंत्राला हात लावला, की पुढे जे बिघडेल ते त्याच्याच माथी. बंगळूरला असलेल्या मुलानेही फोनवर तेच सांगितलं, "आई, लॅपटॉप घे. पैसे मी पाठवतो."

नवीन घेणं एवढं सोपं असतं, तर वहिनींनी केव्हाच घेतलं असतं. त्यांच्या मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरला एक लॉक आहे. काड्यापेटीएवढं, कॉम्प्युटरच्या पाठीमागे जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेत खोचायचं. ते तिथे नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि ती रुंद खाच आता कुठल्या लॅपटॉपला नसते. अक्षरंही जुन्या पद्धतीची. मराठीसाठी युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कंपनीची अक्षरमांडणी वेगळी होती. तिथे लावलेली पत्रिका दुसऱ्या यंत्रावर उघडली, की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. पण बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात आणि पानं पुन्हा लावावी लागतात. सोळा वर्षांचं काम त्या पेटीत होतं. यंत्रातलं विंडोज एक्सपी म्हणजे तर मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्येच वाऱ्यावर सोडलेलं, म्हणून वहिनी त्याला इंटरनेट जोडत नाहीत. तयार झालेलं काम पेन ड्राइव्हवरून बाहेर जातं. कधीतरी हे सगळं सोडून नव्याकडे जायचं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण ११२ पानांच्या मध्यावर नाही.

कापूस सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी वाचनालयाच्या चिटणीसांना फोन लावला. घरी अडचण आहे, काम परत करते, झालेल्या पानांचे पैसे नकोत, असं बोलायला त्यांनी सुरुवातही केली. तोच खाटेवरून वॉकरचा पाय फरशीवर दोनदा आपटल्याचा आवाज आला.

"फोन ठेव," आजी म्हणाल्या. "काम परत करायचं नाही. आवाज बंद करायचा."

आजी हे बोलल्या त्याला त्यांचं आयुष्य कारण होतं. चाळीसेक वर्षं त्यांनी याच खोलीत पायाच्या मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवले. मशीन अजूनही खिडकीखाली आहे. ऑपरेशन होईपर्यंत त्या घरातलं उसवलेलं-फाटलेलं त्यावरच दुरुस्त करत. यंत्र कुरकुरायला लागलं म्हणून काम परत करणं त्यांना माहीत नव्हतं.

"आधी त्याच्याखाली गोधडी घाल. चौपदरी करून," त्यांनी सांगितलं.

वहिनींनी घातली, आणि घरघर निम्म्यावर आली. यात जादू काही नाही. पंख्याची थरथर पत्र्याच्या पेटीतून टेबलात उतरते, आणि पोकळ प्लायवूडचं टेबल म्हणजे ढोलच. मध्ये मऊ काही आलं, की ढोल वाजायचा थांबतो. (हवेच्या जाळ्या मात्र झाकायच्या नाहीत. नाहीतर आवाजापायी यंत्रच गुदमरायचं.)

"तू नवी आलीस तेव्हा माझ्या मशीनखाली हीच घातली होती," आजी म्हणाल्या. "आठवतं?"

वहिनींना आठवलं, आणि त्यांचा हात टेबलावरच राहिला. १९९१ साल, लग्नाला महिनाही झाला नव्हता. दिवाळीआधीचे दिवस, रात्री एक वाजेपर्यंत बाहेर मशीनची खडखड. आतल्या खोलीत त्यांनी यजमानांना हळूच विचारलं होतं, "आईंची मशीन बंद कधी होते हो?" दुसऱ्या दिवशी मशीनखाली गोधडी दिसली. फरशीला चरे पडू नयेत म्हणून घातली असेल, असं तेव्हा त्यांना वाटलं. तेहतीस वर्षं तसंच वाटत होतं.

"तुम्ही ऐकलं होतंत?"

"मशीन थांबवून दोरा ओवत होते. मशीन थांबली की सगळं ऐकू येतं."

"आई, मला खरंच..."

"राग नव्हता आला," आजी म्हणाल्या, आणि जरा थांबून, "आला होता थोडा. पण सकाळी तीन ब्लाउज द्यायचे होते."

यावर दोघी काही बोलल्या नाहीत. आजींनी चहा मागितला.

रविवारी यंत्र उघडायचं ठरलं. सोळा वर्षांत वहिनींनी त्या पेटीचा एकही स्क्रू फिरवला नव्हता. त्याच्या पोटात लक्षावधीचं काहीतरी असतं आणि बाईमाणसाने हात लावला की जळतं, असा आपल्याकडे एक समज आहे. मिक्सरचं भांडं आणि कुकरची शिट्टी रोज खोलून बसवणाऱ्या बायकासुद्धा तो समज बाळगून असतात. स्क्रूला हात लावायच्या आधी वहिनींनी शहाणपणाचं एक काम केलं. सगळ्या फायली दोन पेन ड्राइव्हवर उतरवल्या, एक कपाटात ठेवला, एक देवघरात. मग यंत्र बंद केलं, भिंतीतला प्लग उपसला, आत उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून चालू करायचं बटण एकदा नुसतंच दाबलं. पेटीच्या पत्र्याला हात टेकवला. अंगावर साठलेली स्थिर वीज नाजूक भागांवर उतरू नये, यासाठी एवढं पुरतं. मागचे दोन स्क्रू काढले आणि बाजूचा पत्रा सरकवला.

आजी खुर्चीत चष्मा लावून बसल्या होत्या, हातात टॉर्च. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "ही तर गादी आहे."

आत तीन पंखे होते. एक वर, वीजपुरवठ्याच्या बंद डब्यात. त्या डब्याला हात लावायचा नाही, हे आधीच सांगायला हवं. प्लग काढल्यावरही त्याच्या पोटात झटका देण्याइतकी वीज साठून राहू शकते. तोच पंखा वाजत असेल तर अख्खा डबा बदलायचा, नाहीतर जाणकाराच्या हाती द्यायचा. दुसरा पंखा मधोमध, प्रोसेसरच्या डोक्यावर. कॉम्प्युटरचं सगळं गणित करणारी ती चौकोनी चकती. पूर्वी तिला पंखा लागत नसे, १९९३ मध्ये पेंटियम आल्यानंतर तो रूढ झाला, कारण वेग वाढला तशी उष्णताही वाढली. चकतीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसवलेला असतो. तो उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती फुंकून टाकतो. तिसरा पंखा पाठीमागच्या जाळीला, आतली गरम हवा बाहेर फेकणारा.

कुठला वाजतो, हे शोधायचं होतं. प्लग पुन्हा लावला, यंत्र सुरू केलं आणि हात लांब ठेवून वहिनींनी वर्तमानपत्राची सुरळी कानाला लावली. त्यांना सगळीकडून सारखंच ऐकू आलं. मग सुरळी आजींनी घेतली. ज्या बाईने चाळीस वर्षं मशीनच्या आवाजावरून सुई बोथट झाल्याचं ओळखलं, तिला हे कितीसं अवघड?

"मधला सूं सूं करतोय, तो दमलाय," त्यांनी निदान केलं. "हा मागचा घासतोय. याचं तेल संपलंय."

दोन्ही बरोबर निघालं. मधल्या पंख्याखालच्या पात्यांत धुळीचा नमदा बसला होता. हवा आत जाईना, चकती तापत होती, आणि ती तापते तसा पंखा आपोआप वेग वाढवतो. तो 'सूं' म्हणजे त्याची धावपळ होती. तेही पुरलं नाही, तर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि उष्णता हद्दीबाहेर गेली की जळण्यापेक्षा बंद पडणं पत्करतो. साठाव्या पानावर झालं ते हेच. यंत्र मरत नव्हतं, जीव वाचवत होतं.

मागच्या पंख्याचं दुखणं वेगळं. बंद करून बोटाने फिरवला, तर दोन गिरक्या घेऊन थांबला. मधला मात्र सहज फिरत राहिला. स्वस्तातल्या पंख्यात आस एका साध्या बुशात फिरतो, आणि त्यातलं वंगण काही वर्षांत सुकतं. मग आस डुगडुगतो आणि घरघर लागते. सकाळी गारठ्यात यंत्र सुरू केलं की ती जास्त आणि तापल्यावर कमी, हे आजींनी खाटेवर पडल्या पडल्या केव्हाच टिपलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

पेटी गॅलरीत नेण्याचं काम यजमानांनी केलं. रंगाच्या कोऱ्या ब्रशने धूळ झाडली. झाडताना पाती बोटाने धरून ठेवायची, पंखा भिरभिरू द्यायचा नाही. धुळीच्या नमद्यात लाल, हिरवे, मोरपंखी धाग्यांचे तुकडे सापडले.

"आई, हे तुमचेच धागे."

"आणि धूळ तुझी," आजी म्हणाल्या.

मग तेल. यजमान तत्परतेने खोबरेलाची बाटली घेऊन आले आणि त्यांनी बोलणी खाल्ली. खोबरेल थंडीत गोठतं आणि काही दिवसांनी चिकट होतं. शिलाई मशीनच्या खणातून मशीनच्या तेलाची कुपी निघाली. मागचा पंखा चार स्क्रू काढून सोडवला, त्याच्या पाठीवरचा गोल कागद अलगद उचलला, आतल्या बुशात एक थेंब सोडला, पंखा बोटाने फिरवला, आणखी एक थेंब. कागद परत चिकटवला. जास्त तेल घातलं तर ते पात्यांवर उडून धूळ धरतं. हा हिशेब मशीनवर बसलेल्या बाईला सांगावा लागला नाही.

त्या रात्री आवाज इतका खाली आला, की वहिनींनी दोनदा वाकून दिवा बघितला. मधला पंखा सावकाश फिरत होता. यंत्र मध्येच बंद पडायचं थांबलं ते थांबलंच. आजी सकाळी साडेसहापर्यंत झोपल्या. पानं सत्तर झाली, ऐंशी झाली.

पंधरा-सोळा दिवसांनी घरघर परत आली.

तेलाचा उपाय तेवढाच असतो. इतक्या वर्षांत आस घासून बुशाचं भोक सैल झालेलं असतं, आणि पातळ तेल त्यात फार दिवस टिकत नाही. महिना-दोन महिने ढकलायचे असतील तर ठीक. पंखा बदलायलाच हवा होता.

वहिनींनी पट्टी घेऊन माप काढलं. एका स्क्रूच्या भोकापासून दुसऱ्यापर्यंत सात सेंटीमीटरला थोडं जास्त. "सात सेंटीमीटरचा पंखा," त्यांनी कागदावर लिहिलं.

"कागद कसला नेतेस? जुना बरोबर ने," आजी म्हणाल्या. "मापाच्या ब्लाउजाशिवाय शिवायला टाकतं का कुणी?"

म्हणून तो पंखा रुमालात गुंडाळून पर्समध्ये गेला, आणि एका गुरुवारी दुपारी आजींपाशी यजमानांना बसवून वहिनी निघाल्या. डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. तिथून चालत लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. जे दिल्लीकरांना नेहरू प्लेस, चेन्नईत रिची स्ट्रीट, बंगळूरला एस. पी. रोड, ते मुंबईकरांना हे. जी वस्तू कंपनीने बनवायची सोडली, ती इथे कुणाच्या तरी माळ्यावर असते.

पहिल्या दुकानात पोराने मान वर न करता विचारलं, "किती एमएम?" वहिनी म्हणाल्या, "सत्तर." तो म्हणाला, "नाही मिळणार." दुसऱ्या दुकानात त्यांनी आकडा सांगितलाच नाही. रुमाल उघडून पंखा काउंटरवर ठेवला. म्हाताऱ्या दुकानदाराने तो हातात न घेता सांगितलं, "ऐंशीचा आहे." पंख्याचं माप त्याच्या चौकटीच्या कडेपासून कडेपर्यंत धरतात, भोकांचं नाही. ८० मिलिमीटरच्या पंख्याची भोकं साडेएकाहत्तर मिलिमीटरवर असतात, १२० च्या पंख्याची १०५ वर. नुसता कागद घेऊन आलेली किती माणसं रोज या रस्त्यावरून परत जात असतील, कुणास ठाऊक.

पुढचा प्रश्न वायरचा. जुन्या पंख्याला चार जाड पिनांचा पांढरा प्लग होता. त्याला थेट वीजपुरवठ्याच्या डब्यातून बारा व्होल्ट मिळत, म्हणून तो दिवसरात्र एकाच वेगाने फिरे. तीन बारीक पिनांचा घेतला तर तो मुख्य बोर्डावर लागतो, आणि बोर्डात सोय असेल तर वेग कमी-जास्तही होतो. बोर्डावर जागा आहे का? वहिनींनी रविवारी मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. जागा होती. मग बुश की बॉल बेअरिंग? दुकानदाराने सरळ सांगितलं, बुशवाला स्वस्त आणि सुरुवातीला शांत, बॉल बेअरिंगचा टिकाऊ पण किंचित आवाज करणारा. त्याच्याकडे तिसरा एक प्रकारही होता, ज्यात आस तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तो शांतही आणि टिकतोही, पण किंमत दुप्पट. वहिनींनी क्षणभर विचार केला आणि दुप्पटवाला घेतला. सव्वापाचशे रुपये झाले. स्वतःसाठी त्यांनी एवढ्या पटकन दुप्पट किमतीची वस्तू क्वचितच घेतली असेल.

बसवायला वीस मिनिटं लागायची. लागला एक तास, कारण पंखा उलटा बसला. चौकटीवर हवेच्या दिशेचा बारीक बाण असतो, तो चष्म्यातूनही दिसला नाही. आजींनी देवघरातली उदबत्ती मागवली आणि चालू यंत्राच्या मागच्या जाळीशी धरली. धूर बाहेर उडायच्या ऐवजी आत ओढला गेला. "उलटा शिवलास," आजी म्हणाल्या. "उसव." यंत्र बंद करून, प्लग काढून चार स्क्रू पुन्हा सोडवले. पंख्याच्या ज्या अंगाला आधाराच्या दांड्या दिसतात, त्या अंगाने हवा बाहेर पडते, तेव्हा ते अंग जाळीकडे हवं. स्क्रू समोरासमोरचे कसले, बेताने, प्लास्टिकला चीर जाऊ नये म्हणून. उदबत्ती पुन्हा धरली. धूर खिडकीकडे गेला.

जुना पंखा टाकायला काढला, तर आजींनी तो मागून घेतला आणि बॉबिनच्या डब्यात ठेवून दिला. कशाला, ते विचारायचं नसतं.

त्या रात्री वहिनी साडेअकराला बसल्या. गोधडी तशीच ठेवली होती. बटण दाबलं, पडदा उजळला. पंख्याची झुळूक मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान हलवत होती, एवढीच काय ती खूण. पान एकशेचार. वाचनालयाच्या जुन्या अध्यक्षांची यादी, नावं आणि सालं. वहिनींचा हात चालू झाला. एकदा त्यांनी मागे वळून पाहिलं. आजींच्या उशाशी कापूस नव्हता. डोळे मिटलेले.

पाऊण वाजता अंधारातून आवाज आला.

"अगं, बंद पडलं का ते?"

"नाही आई, चालू आहे."

थोडा वेळ काही नाही. मग खाट करकरली.

"मग त्या भिंतीवरच्या घड्याळाचं बघ काहीतरी. केवढी टकटक करतंय."

वहिनी उठल्या, स्टुलावर चढल्या आणि घड्याळ काढून त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.